चाकाच्या पोटातली चाकं

बाबांच्या सायकलच्या मागच्या हबवर तेल सोडायचं एक इवलंसं टोपण आहे आणि हबच्याच अंगावर ठोकून उमटवलेले दोन आकडे आहेत: ५२ आणि ४. लहानपणी रविवारी सायकल पुसायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे ते आकडे बोटांना पाठ होते. अर्थ कळला तो पन्नाशी उलटल्यावर. १९५२ साल, एप्रिल महिना. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात हे हब तयार झालं तो महिना. स्टर्मी-आर्चर कंपनी आपल्या गिअरच्या हबवर साल-महिना असा कोरून ठेवत असे.

बाबांनी ती रॅले कंपनीची सायकल १९६३ मध्ये कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून जुनी म्हणून घेतली. नारायण पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत ते तिच्यावरून जात. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, वर्षाचे पावणेतीनशे दिवस, निवृत्त होईपर्यंत सव्वीस वर्षं. गुणाकार करून पाहिला तर लाखाच्या घरात जातो. या सगळ्या काळात हब एकदाही उघडलं गेलं नाही, असं आई सांगते. बाबा करायचे ते एवढंच: महिन्यातून एकदा टोपण उचलून शिवणयंत्राच्या तेलाचे आठ-दहा थेंब आत सोडायचे आणि चाक हाताने गरगर फिरवायचं.

बाबा गेल्यावर सायकल वाड्याच्या जिन्याखाली उभी राहिली ती वीस वर्षं. गेल्या पावसाळ्यानंतर मी ती बाहेर काढली. पेडल मारलं तर चाक फिरेना. म्हणून शनिवार पेठेतल्या एका मिस्त्रींकडे नेली. सत्तरी ओलांडलेले, चष्म्याला दोरी बांधलेले. अशी हबं त्यांनी उमेदवारीच्या दिवसांत उघडली होती, त्यानंतर चाळीसेक वर्षं हाताला लागली नव्हती. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, कानाजवळ धरून हळूच फिरवलं आणि म्हणाले, "ताई, मोडलेलं काही नाही यात. तेलाचा डिंक झालाय. उघडू, पण घाई करायची नाही."

दोन दुपारी मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून काढल्या. रोजच्या वापराची एक वस्तू सत्तर वर्षं टिकते म्हणजे नक्की काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात त्या स्टुलावर पक्का झाला.

आपल्याकडे गिअरची सायकल म्हटलं की मागे पाच-सहा दातेरी चकत्यांची उतरंड, चेनला एकीवरून दुसरीवर ढकलणारा लोंबता सांगाडा आणि तेलकट, उघडी चेन डोळ्यांसमोर येते. हबमधला गिअर निराळा. बाहेरून पाहिलं तर साध्या सायकलसारखी एकच चेन, मागे एकच कॉग. गिअर असतो तो चाकाच्या मधोमध, लोखंडी डबीच्या पोटात. उजव्या बाजूने, एक्सलच्या पोकळीतून एक नाजूक साखळी बाहेर येते. हँडलवरच्या खटक्याने ती ओढली की आतली मांडणी बदलते.

मिस्त्रींनी आधी उजव्या बाजूचं छर्‍यांचं कडं खुणेच्या पेन्सिलने रेघ मारून ठेवलं. त्या कड्याला दोन तोंडांचे आटे असतात. चुकीच्या तोंडात बसवलं तर चाक फ्रेममध्ये मधोमध राहत नाही. ही गोष्ट त्यांच्या हाताला चाळीस वर्षांनंतरही आठवत होती. मग पंचावर हातोडीचे चार ठोके, कडं सैल झालं आणि सगळा ऐवज एकसंध बाहेर आला. पिवळसर, चिकट, काकवीसारख्या तेलात माखलेला. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून त्यांनी तो डिझेलमध्ये बुडवला. तासाभराने वर काढला तेव्हा प्रत्येक दात चकचकत होता.

आत काय असतं ते सांगते. मधोमध एक दातेरी चाक एक्सलवरच कोरलेलं. एक्सल फ्रेमला नटांनी जखडलेला, म्हणून हे चाक कधीच फिरत नाही. त्याला म्हणायचं सूर्य. त्याच्याभोवती चार छोटी दातेरी चाकं, एका पिंजऱ्यात पिनांवर बसवलेली. ते ग्रह. या सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारं एक कडं, ज्याचे दाते आतल्या बाजूला. सूर्याला वीस दाते, प्रत्येक ग्रहाला वीस, कड्याला साठ. पिंजरा एकदा फिरला की कडं एक पूर्ण फेरा आणि वर एक-तृतीयांश फेरा घेतं. वीस भागिले साठ, तो हा एक-तृतीयांश.

या एका नात्यातून तीन गिअर निघतात. चेनने पिंजरा फिरवला आणि कड्याने चाक, तर चाक तेहतीस टक्के जास्त पळतं: हा सपाटीचा, वाऱ्याला पाठ दिलेला तिसरा गिअर. उलट केलं, चेनने कडं फिरवलं आणि पिंजऱ्याने चाक, तर चाक पाऊणपट फिरतं: हा चढाचा पहिला. आणि चेनने कडं फिरवून कड्यानेच चाक फिरवलं तर एकास एक, म्हणजे दुसरा. दुसऱ्या गिअरमध्ये ग्रह फिरतात, पण त्यांच्यावर भार नसतो. रोजचं बरंचसं चालवणं याच गिअरमध्ये होतं. बाबांचे लाख किलोमीटर बहुतेक असेच गेले असणार: चाकाच्या पोटातली चाकं नुसती सोबतीला फिरत होती.

कोणी काय फिरवायचं हे ठरवतात साखळीने सरकणारा एक क्लच आणि चार छोटे खटके. फ्रीव्हीलमधल्या अशा खटक्यांना आपले मिस्त्री 'कुत्ते' म्हणतात. 'कुत्ते गेले' म्हणजे पेडल मोकळं फिरायला लागलं. या हबमध्ये दोन कुत्ते पिंजऱ्यावर, दोन कड्यावर. प्रत्येकाच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये पिंजऱ्यावरचे कुत्ते मागे पडत राहतात आणि हबमधून बारीक टिकटिक येते. पहिल्यात ती थांबते. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की आम्हाला ती टिकटिक ऐकू यायची. आई गॅसवर चहा ठेवायची.

आता भार किती, ते पाहू, कारण टिकाऊपणाची खरी परीक्षा तिथे आहे. सत्तर किलोचा माणूस चढावर पेडलवर उभा राहिला की सतरा सेंटिमीटरच्या क्रँकवर साधारण ११५ न्यूटन-मीटर इतका पीळ देतो. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलचं इंजिन जेमतेम आठ न्यूटन-मीटर देतं. इंजिन मिनिटाला हजारो फेरे मारून ताकद कमावतं, माणूस साठ-सत्तर फेऱ्यांत. म्हणजे सायकलच्या गिअरला वेग सोसावा लागत नाही, पीळ सोसावा लागतो. तोही एकसारखा नाही. प्रत्येक पेडलच्या धक्क्याला वाढणारा आणि ओसरणारा.

पुढे ४६ दाते आणि मागे १८ असतील तर त्या ११५ पैकी हबच्या दारात पोचतात ४५. म्हणून हब बनवणारे मागचा कॉग फार मोठा लावू नका असं बजावतात. कॉग मोठा केला की चढ सोपा होतो, पण आतल्या दात्यांवर येणारा पीळ त्याच प्रमाणात वाढतो. आता पहिला गिअर घ्या. ४५ आत गेले, चाकाला मिळाले ६०. वरचे पंधरा कुठून आले? ते एक्सलने दिले. एक्सल फिरायला बघतो आणि फ्रेम त्याला धरून ठेवते. हे धरून ठेवायचं काम करतो एक साधा, आतून चपटा केलेला वायसर, ज्याचा दात फ्रेमच्या खाचेत अडकतो. दिसायला क्षुल्लक, तो नसेल तर एक्सल खाचेत गरगरतो आणि फ्रेमची खाच चावून मोठी होते.

या वायसराची किंमत मला स्वतःच्या अनुभवातून कळली. तो प्रसंग पुढे येईल.

नॉटिंगहॅमला मी २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेले होते. रॅलेचा अवाढव्य कारखाना होता त्या जागेच्या मोठ्या भागात आता नॉटिंगहॅम विद्यापीठाचं ज्युबिली कँपस आहे. तळी, लाकडी भिंतींच्या इमारती, पोरं हेडफोन लावून जातायत. रस्त्याचं नाव मात्र ट्रायम्फ रोड. थोड्या अंतरावर लेंटन बुलेव्हार्डवर कंपनीचं जुनं मुख्य कार्यालय उभं आहे, तिथे आता मार्कस गार्वी सेंटर नावाचं समाजकेंद्र आहे. ॲलन सिलिटो या कादंबरीकाराने तरुणपणी या कारखान्यात काम केलं होतं. १९५८ मध्ये आलेल्या त्याच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग'चा नायक सायकल कारखान्यात लेथवर आहे, आणि दोन वर्षांनी निघालेल्या चित्रपटाचं काही चित्रण याच कारखान्यात झालं. माझ्या वडिलांच्या हबचे दाते कापणारा माणूस त्या गर्दीतलाच कोणीतरी असेल, एवढा विचार करून मी पाऊण तास त्या रस्त्यावर चालले.

हबवरच्या नावाची गोष्ट मला फार लागली. हेन्री स्टर्मी हा कॉव्हेंट्रीचा पत्रकार, सायकलवरच्या नियतकालिकांचा संपादक, स्वतःही गिअरच्या कल्पना लढवणारा. जेम्स आर्चर हा अभियंता. पण कंपनीने जे तीन गिअरचं हब पुढे आणलं त्यामागचं खरं डोकं विल्यम रायली या तिसऱ्याच माणसाचं होतं. त्याने आधी दोन गिअरचं हब काढलं होतं आणि त्या कंपनीशी केलेल्या करारात आपल्या पुढच्या शोधांचे हक्कही अडकवून बसला होता. म्हणून नवं पेटंट सहकारी आर्चरच्या नावावर घेतलं गेलं. रॅलेचा मालक फ्रँक बाउडन याने पैसा घातला, १९०३ मध्ये कंपनी उभी राहिली आणि नाव झालं स्टर्मी-आर्चर. इतिहासकार टोनी हॅडलँड यांनी ही कहाणी खणून काढेपर्यंत रायली विस्मरणात गेला होता. लाखो चाकांवर नावं फिरली ती इतर दोघांची.

बाबांच्या हबवरची 'एडब्ल्यू' ही अक्षरं १९३६ सालच्या रचनेची. तिची खरी करामत मला दात्यांपेक्षा तिच्या स्थैर्यात दिसते. ही मांडणी दशकानुदशकं जवळजवळ तशीच राहिली. तिसाच्या दशकातल्या हबमध्ये सत्तरच्या दशकातले कित्येक भाग बसतात. एक हब पूर्ण झिजलं तर त्यातले धड भाग दुसऱ्याला घालता येतात. गावोगावच्या मिस्त्रींच्या हाताला एकच गोष्ट पुन्हापुन्हा पडत राहिली आणि त्यांचे हात शिकत गेले. ग्रहांच्या पिनांना छर्रे नाहीत, नुसतं पोलादावर घासणारं पोलाद. तेल असेपर्यंत तेवढं पुरतं.

याच कंपनीने आपल्याच या वस्तूला दुखावण्याचा एक प्रयत्नही केला. पन्नासच्या दशकाच्या मध्यात 'एसडब्ल्यू' नावाचं हलकं, कमी भागांचं हब आलं. त्यातल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या कुत्त्यांना मागे स्प्रिंगच नव्हती. भाग कमी, खर्च कमी. पण ते भाराखाली निसटू लागलं, लोक वैतागले आणि थोड्याच वर्षांत कंपनी मुकाट्याने पुन्हा एडब्ल्यूकडे वळली. चार केसाएवढ्या स्प्रिंगा वाचवण्याची ही गोष्ट मी अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला सांगितली तर तो बराच वेळ गप्प बसला.

एडब्ल्यूही निर्दोष नाही, हे लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. केबल नीट लावलेली नसेल तर क्लच त्या जागेत अडकतो आणि पेडल अचानक रिकामं फिरतं. माणूस पेडलवर उभा असेल तर सरळ नळीवर आदळतो. पुढे बदललेल्या तीन-गिअर हबमध्ये ही जागा काढून टाकली. पण जुन्यात ती आहे आणि हब मरण्याचं पहिलं कारणही तिथेच आहे.

कारण असं की केबल किंचित सैल असली की क्लच अर्धवट पकडतो. भार येतो तो त्याच्या कोपऱ्यांवर, पूर्ण अंगावर नव्हे. कोपरे घासून गोल होतात, गोल झाले की जास्त निसटतात, निसटले की जास्त घासतात. किलोमीटर दोन लाख झाले म्हणून हब गेलं असं क्वचित घडतं; दोन मिलिमीटर केबल सैल ठेवून दोन वर्षं चालवली म्हणून जातं. तपासायचं कसं, तेही सोपं आहे. दुसऱ्या गिअरमध्ये टाका, उजवीकडच्या नटाच्या खिडकीतून बघा: साखळीच्या दांडीचं तोंड एक्सलच्या टोकाशी सपाट आलेलं दिसलं पाहिजे. बाबा हे दर पावसाळ्याआधी बघायचे. मला वाटायचं ते नटाच्या भोकात उगीच डोकावतायत.

मरणाचं दुसरं कारण पाणी, आणि ते मी नेदरलँड्समध्ये पाहिलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१२ पासून सात वर्षं आम्ही डेल्फ्टला होतो. हबमधल्या गिअरचं माहेर इंग्लंड असलं तरी त्याचा संसार तिथे आहे. दिवसरात्र पावसात बाहेर उभ्या राहणाऱ्या, थंडीत मीठ फवारलेल्या रस्त्यांवर धावणाऱ्या, मागे-पुढे पोरं नि भाजी वाहणाऱ्या सायकली. उट्रेख्त स्टेशनाखालचा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला तेव्हा त्यात साडेबारा हजार सायकलींची सोय होती. तिथल्या रांगांमधून चालताना मी मागची चाकं बघत जायचे. उतरंडीच्या गिअरवाल्या थोड्या. पूर्ण बंद चेनकव्हर, आत एकच सरळ चेन आणि जाडजूड हब असलेल्या ढिगाने.

चेन सरळ असते, हे वाक्य पटकन वाचून पुढे जाऊ नये. उतरंडीच्या गिअरमध्ये चेन तिरकी ओढली जाते, उघडी राहते, चिखल खाते. हबमध्ये ती एका रेषेत धावते, म्हणून पूर्ण झाकता येते, म्हणून ती कितीतरी जास्त टिकते. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या तारा जवळपास सारख्या ताणात राहतात, म्हणून चाकाला आउट कमी येतो. लोंबता सांगाडाच नाही, म्हणून स्टँडवरच्या गर्दीत काही वाकत नाही. शिवाय सिग्नलला उभ्या-उभ्या गिअर बदलता येतो. साडी नेसून किंवा मागे पोर बसवून सायकल चालवणाऱ्या बाईला ही शेवटची गोष्ट किती मोलाची आहे हे मी सांगू शकते.

याची किंमतही आहे. वजन जास्त, पंक्चरसाठी मागचं चाक काढणं कटकटीचं, आणि ताकदीतला थोडा हिस्सा दात्यांत जिरतो. चेस्टर काइल आणि फ्रँक बर्टो या दोघांनी २००१ मध्ये मोजमाप करून प्रसिद्ध केलं, त्यात हबचे गिअर उतरंडीच्या गिअरपेक्षा सरासरी दोनेक टक्क्यांनी मागे पडले. शर्यतीत दोन टक्के फार. भाजी आणताना ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि उघडी चेन आठवडाभर चिखलात धुतली न जाता चालवली तर तीही तेवढी ताकद खाते असं मला वाटतं.

डेल्फ्टच्या आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने पाण्याचं गणित समजावलं. हब उन्हात तापतं, आतली हवा फुगून बाहेर जाते. एकदम पाऊस आला की हब गार होतं, हवा आकसते आणि रबरी वायसराच्या कडेने ओलावा आत ओढला जातो. थेंब-थेंब. ग्रीस पांढरं पडतं, छर्‍यांच्या वाटीला गंज चढतो. म्हणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने हबवर मारा करून सायकल धुणं हे त्याच्या मते सर्वांत मोठं पाप. शिमानो कंपनी आपल्या अशा हबना दर दोन वर्षांनी किंवा पाच हजार किलोमीटरला आतून वंगण द्यायला सांगते. किती जण ते करतात, असं विचारलं तर तो हसून ओल्या सायकलींच्या रांगेकडे बघत राहिला.

मी स्वतः ते केलं नाही. माझ्या सायकलचं हब आठ गिअरचं होतं. पाच वर्षं काही न करता चालवलं आणि ते तक्रार न करता चाललं. २०१९ मध्ये सामानाबरोबर ती सायकल पुण्याला आणली. पौड रस्त्यावर पंक्चर झालं, रस्त्याकडेच्या एका दुकानात चाक काढून बसवलं, आणि बसवताना तो दात असलेला वायसर राहून गेला. मी समोर उभी होते, मलाही कळलं नाही. चांदणी चौकाच्या चढावर एक्सल खाचेत फिरला, केबल तटकन ताणली गेली आणि आत काहीतरी दळल्यासारखा आवाज आला. उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. दातांची एक रांग त्या झटक्याने मोडली होती; आणि पाच वर्षांच्या ओलाव्याने छर्‍यांच्या वाट्या आधीच खडबडीत झाल्या होत्या. चूक कारागिराची म्हणायची की त्याला वायसराचं काम न सांगणाऱ्या माझी? मी माझीच धरते.

मोडलेली दातांची ती रांग सुटी मिळेना. आतला अख्खा गाभा घ्या, असं उत्तर आलं, आणि त्याची किंमत एका साध्या नव्या सायकलीएवढी. इथे माझ्या मनात टिकाऊ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे झाले. माझं आठ गिअरचं हब बाबांच्या हबपेक्षा जास्त बारकाईने बनवलेलं होतं, धातू कदाचित जास्त चांगला, सील नक्कीच चांगली. ते पाच वर्षं दुर्लक्ष सोसून चाललं. बाबांचं हब तेलाविना एवढं चाललं नसतं. पण मोडल्या दिवशी एकाची दुरुस्ती स्टुलावर बसून होत होती आणि दुसऱ्याची होत नव्हती. रोज कामावर नेणाऱ्या वस्तूसाठी मी पहिल्या प्रकाराच्या बाजूने आहे. गिअर तीन पुरतात.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो जर्मन आहे. बर्नहार्ड रोलोफ आणि त्यांची पत्नी बार्बरा यांनी कासेलजवळ छोट्या कारखान्यात नव्वदच्या दशकात चौदा गिअरचं हब घडवलं. सर्वांत खालच्या आणि वरच्या गिअरमधलं अंतर ५२६ टक्के, प्रत्येक पायरी सारखी, साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. आत पंचवीस मिलिलिटर तेल, दर पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा घरच्या घरी बदलायचं. फार पीळ आला तर आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटतात आणि दाते वाचतात. लाख किलोमीटरच्या वर गेलेली ही हबं जगभर सायकलने फिरणाऱ्यांकडे आहेत. आणि सुरुवातीच्या काळात यातल्या काही हबना तडा गेला तो कुठे? दात्यांना नाही, तारा अडकवायच्या भोकांच्या कडेला. मग कडेला आधार देणारी कडी आली. सगळं लक्ष आतल्या दात्यांवर असताना वस्तू भलतीकडेच हार मानते. किमतीचं सांगायचं तर आपल्याकडे तेवढ्यात जुनी मोटारसायकल येते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला या हबची शिफारस मी करणार नाही.

आता विजेच्या सायकलींनी नवा भार आणला आहे. पेडलपाशी बसवलेली मोटर स्वतःचे साठ-सत्तर न्यूटन-मीटर माणसाच्या जोरात मिसळते, तेही न थकता. यासाठी काही कंपन्यांनी जाड दात्यांची, कमी गिअरची वेगळी हबं काढली. गिअर बदलताना मोटर क्षणभर ढिली पडते तशी सोयही असते. जुनी घराणी मात्र त्याआधीच मिटू लागली होती. श्वाइनफुर्टचं फिख्टेल उंड झाक्स १९०३ पासून टोर्पेडो हब बनवत होतं. १९९७ मध्ये त्याचा सायकल विभाग अमेरिकन स्रॅमने घेतला आणि २०१७ च्या सुमारास स्रॅमने गिअरची हबं बनवणं थांबवलं. नॉटिंगहॅमचं तर २००० सालीच संपलं. मालकाने कंपनी विकली, काही महिन्यांत ती बुडाली, आणि तैवानच्या सनरेसने यंत्रं, नकाशे, नाव सगळं विकत घेऊन जहाजाने नेलं. स्टर्मी-आर्चर आज तैवानात बनतं.

आपल्याकडे हे हब का रुजलं नाही, याचा मी बराच विचार केला. स्वातंत्र्यानंतर परदेशी सायकली आणि सुटे भाग येणं आवळलं गेलं. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, लुधियानाला हीरो, सोनीपतला अॅटलस असे कारखाने उभे राहिले, आणि त्यांनी शेतकऱ्याला नि कामगाराला परवडेल अशी एका गिअरची दणकट सायकल दिली. त्या सायकलने या देशाची ओझी वाहिली, तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण चढ चढणाऱ्याला तिने काहीच दिलं नाही. पुढे नव्वदनंतर गिअर आले ते थेट उतरंडीचे, तरुणांसाठी, खेळासाठी. मधला माणूस, म्हणजे पावसात, चिखलात, रोज ठरावीक वेळी कामावर जाणारा, त्याच्यासाठी तीन गिअरचं बंद हब इथे कोणी स्वस्तात बनवलं नाही. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या चेनचं जे होतं ते पाहिल्यावर मला हे नुकसान वाटतं. मोठं नुकसान.

शनिवार पेठेत दुसऱ्या दुपारी मिस्त्रींनी सगळे भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. ग्रहांच्या दात्यांवर बोट फिरवून म्हणाले, "हे अजून तुमच्या पोरांना पुरेल." क्लचचे कोपरे मात्र थोडे गोल झाले होते, म्हणजे बाबांनीसुद्धा कधीतरी केबल सैल ठेवली असणार. क्लच उलटा करून बसवता येतो का, हे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि शेवटी तसाच ठेवला. चार कुत्त्यांपैकी एकाची स्प्रिंग डिझेलमध्येच तुटली. त्यांच्याकडे नव्हती. तैवानहून आलेल्या स्प्रिंगा मुंबईच्या एका जुन्या सायकलप्रेमीने पाकिटात घालून पाठवल्या, चार मागितल्या तर सहा. त्या बसल्या.

पातळ तेल घालून त्यांनी चाक फिरवलं. मी दुसऱ्या गिअरचा खटका ओढला, खिडकीतून दांडीचं तोंड बघितलं, अर्धा आटा फिरवला. घरी येताना अलका चौकापासून लक्ष्मी रस्त्याने आले. संध्याकाळची वेळ, गर्दी, हॉर्न. टिकटिक ऐकू येईना. आमच्या गल्लीत वळल्यावर आली. आई खिडकीत बसते हल्ली, कान मंदावलेत तिचे. मी दार उघडून आत गेले तर ती स्वयंपाकघराकडे निघाली होती.

उरलेल्या दोन स्प्रिंगा काड्यापेटीत घालून मी सायकलच्या कॅरिअरच्या पिशवीत ठेवल्या आहेत. शेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, आणि त्या दात असलेल्या वायसरांची एक जोडी.